केहिमकरांच्या इतिहासातील अलिबागची शाळा

हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीव येथे १९३७ साली छापला गेला. आपल्या समाजाविषयी बोलताना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. शिक्षणाचा भाग पुन्हा वाचताना मात्र आम्हांला एक उणीव जाणवली.

मुंबईची इस्रायली शाळा १८७५ साली निघाली. केहिमकर तिच्या संस्थापकांपैकी एक. शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत होती. पुढे तीच सर एली कदुरी शाळा झाली. लेखकाचा जीव या शाळेत गुंतलेला होता आणि तिचे महत्त्व इंग्रजी वाचकाला पटवायचे होते. म्हणून तिला मोठी जागा मिळाली, यात नवल नाही.

पण केहिमकर मूळचे अलिबागचे. मुंबईची शाळा निघण्याच्या कितीतरी आधी अलिबाग-रेवदंड्याकडे अमेरिकन मिशनच्या शाळांतून आपली मुले शिकत होती, आपलेच लोक तिथे मास्तर होते. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, तेही आपल्या लोकांसाठी. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी विद्या घेतली, धर्म सोडला नाही. मिशनऱ्यांचा उल्लेख केहिमकर टाळत नाहीत, पण ही कसरत घरोघर कशी चालली, हे त्यांच्याकडून पुरेसे कळत नाही. शाळेतून आलेल्या मुलाला आईबाप काय सांगत? शनिवारी सकाळची शाळा असली, तर शब्बाथचे काय करीत? सिनेगॉगमध्ये हज्जानाकडून पाठ केलेल्या प्रार्थनांचा अर्थ त्याला कोण समजावून देई?

आमच्या मते लहान गावातील यहुदी शिक्षणाचा खरा इतिहास या प्रश्नांत आहे. यहुदी शाळा नसलेल्या गावात यहुदी मूल घडले, ते घर, सिनेगॉग आणि परक्यांची शाळा या तिघांच्या ओढाताणीत. संस्थेचा इतिहास लिहिताना ही ओढाताण मागे पडते.

हा दोष एकट्या केहिमकरांचा नाही. आपणही अजून ते लिहिलेले नाही. तेव्हा हिब्रू शिकायला मराठीचा आधार लागे. आज नातवंडांना हिब्रू येते आणि मराठी परकी झाली आहे. म्हणून कोकणातल्या शाळेत गेलेल्या वडील मंडळींना आमची विनंती आहे की शनिवारी तुमच्या घरी काय होत असे, निदान तेवढे तरी लिहून ठेवा. मराठीत लिहा, नातवंडांकडून हिब्रूत करून घ्या.