लिंकनच्या भाषणातील दोन ‘जर’

४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे दुसऱ्यांदा स्वीकारली, तेव्हा यादवी युद्धात उत्तरेचा विजय दृष्टिपथात आला होता. श्रोत्यांना विजयघोष अपेक्षित असावा. त्यांच्यापुढे आले ते अवघ्या सातशे शब्दांचे निवेदन. १८६१ च्या पहिल्या भाषणाचा विस्तार याच्या पाचपट होता आणि त्यात राज्यघटनेचा सविस्तर ऊहापोह होता. येथे तो ऊहापोह नाही. वक्त्याचा ‘मी’देखील जवळजवळ लोपला आहे. युद्धाच्या आरंभाविषयी बोलताना दोन्ही पक्षांची भूमिका सांगून झाल्यावर ते इतकेच म्हणतात की युद्ध आले. वाक्याचा कर्ता युद्ध आहे, मनुष्य नव्हे.

दोन्ही पक्ष एकच पवित्र शास्त्र वाचतात आणि एकाच देवाकडे परस्परांविरुद्ध साहाय्य मागतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढील विधान मात्र बारकाईने पाहावे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्य स्वतःच्या निढळाच्या घामाने भाकर खातो. लिंकन तेथे दुसऱ्याचा घाम घालतात, आणि अशा भाकरीसाठी न्यायी देवाचे साहाय्य मागण्याचे धाडस कोणी करावे याचे नवल व्यक्त करतात. लगेच मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘दोष काढू नका’ या आज्ञेचा आश्रय घेतात. दोष तर काढून झालेला असतो! उपदेशपीठावरून बोलणाऱ्या आम्हा मंडळींना ही युक्ती अपरिचित नाही.

भाषणाचा खरा भार दोन ‘जर’वर आहे. पहिला असा: गुलामगिरी हा अपराध देवाला आता दूर करावयाचा असून त्यासाठी त्याने हे युद्ध उत्तर व दक्षिण अशा दोघांनाही दिले आहे असे जर मानले, तर त्यात त्याच्या स्वभावाशी विसंगत काय? दुसरा अधिक भयंकर आहे. अडीचशे वर्षांच्या बिनमोल श्रमातून साचलेली संपत्ती नष्ट होईपर्यंत, चाबकाने सांडलेल्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीने होईपर्यंत युद्ध चालावे अशी देवाची इच्छा जर असेल, तरी त्याचे न्याय सत्यच म्हणावे लागतील. संदेष्ट्याने हे निश्चयार्थी सांगितले असते. राज्यकर्ता संकेतार्थी बोलतो, आणि देवाचा हेतू आपल्याला अवगत आहे असा दावा टाळतो. माझ्या मते या भाषणाची सचोटी त्या व्याकरणात आहे. लक्षात घ्यावे की ते ‘दक्षिणेची गुलामगिरी’ म्हणत नाहीत, ‘अमेरिकेची’ म्हणतात. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सत्पुरुषांना, त्यांच्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, अर्पण केला. लिंकन त्या त्यागाचे श्रेय मागत नाहीत. त्यांच्या हिशेबात उत्तरही ऋणकोच आहे.

असे भाषण लोकप्रिय होणार नाही, हे त्यांनी १५ मार्चच्या पत्रात थर्लो वीड यांना लिहिले होते: आपला आणि सर्वसमर्थाचा हेतू भिन्न आहे असे दाखविले गेलेले कोणाला रुचत नाही. गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस त्या दिवशी उपस्थित होते व त्यांनी या प्रयत्नाला पवित्र म्हटले.

तरीही एक उणीव राहते. ज्यांच्या रक्ताने ऋण मोजले, ते या भाषणात कोठेही कर्ते नाहीत. लोकसंख्येचा आठवा हिस्सा म्हणून ते येतात, युद्धाचे कारण म्हणून येतात. दोन्ही पक्षांच्या प्रार्थनांचा उल्लेख आहे. गुलामांच्या प्रार्थनेचा नाही. अखेरच्या परिच्छेदात सैनिक, त्याची विधवा व अनाथ बालक यांच्या संगोपनाचे आवाहन आहे. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले, म्हणून त्यांचा त्यात समावेश होतो असे म्हणता येईल. परंतु शेतावर राबलेल्या आणि आता मुक्त होणाऱ्या स्त्रीला त्या वाक्यात जागा नाही.