‘ख्रिस्तपुराणा’तील वंशविचार : येशूच्या यहुदी कुळपरंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना :
फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) गौरव बहुधा त्यातील मराठीच्या वैभवासाठी केला जातो. एका इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने गोव्यात राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचावा, ही घटना असाधारण आहेच. तथापि या ग्रंथाच्या रचनेतच येशूच्या यहुदी कुळाविषयीची एक भूमिका अनुस्यूत आहे. तिचाही विचार होणे आवश्यक आहे.

शास्त्रातील वंशावळी :
मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो. अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास आणि तेथून ख्रिस्त, अशा चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांत ती मांडली आहे. लूक उलट क्रमाने आदामापर्यंत जातो. दाविदानंतर मत्तय शलमोनाची शाखा सांगतो, तर लूक नाथानाची. योसेफाचा पिता एकाच्या मते याकोब, दुसऱ्याच्या मते एली. शिवाय येशूचा जन्म कुमारी मरियेच्या पोटी झाल्याचे सांगूनही दोघे वंश मात्र योसेफाचा देतात. म्हणजेच येथे वंश हे केवळ रक्ताचे नाते नसून एका समाजाच्या स्मृतीत व कराराच्या परंपरेत लाभलेले स्थान होय.

मत्तय तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांचाही उल्लेख करतो. मातेवरून ओळख सांगण्याची रीत प्राचीन मावळासही परिचित होती. कार्ले येथील सिंहस्तंभाचा दाता महारथी अग्निमित्रणक आपणांस ‘गोतिपुत्र’ म्हणवितो. मात्र तेथे मातृनाम प्रतिष्ठादर्शक आहे, तर मत्तयाच्या यादीतील कनानी राहाब व मवाबी रूथ कुळशुद्धीची कल्पनाच शिथिल करतात.

पुराणरूपाची निवड :
वंश व वंशानुचरित ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन होत. स्टीफन्स यांनी ‘पहिले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून यहुदी लोकांच्या इतिहासाला दिले आणि येशूचे चरित्र ‘दुसऱ्या पुराणा’त सांगितले. पूर्वजांची कथा ऐकल्याखेरीज श्रोता ख्रिस्तापर्यंत पोहोचतच नाही. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. लगेच १५८० मध्ये तेथील धर्मन्यायालयाने गार्सिया द ओर्ता या दिवंगत यहुदीवंशीय वैद्याच्या अस्थी उकरून जाळल्या. जेथे यहुदी रक्त हाच संशयाचा विषय होता, तेथे यहुदी पूर्वजांची कथा मराठीत आदराने गाइली जाऊ लागली, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

समारोप :
यावरून स्टीफन्स यांना धर्मन्यायालयाचे विरोधक ठरविता येणार नाही. त्यांच्या दृष्टीने यहुदी इतिहास ही मुख्यतः ख्रिस्तागमनाची पूर्वपीठिका होती आणि हीच या ग्रंथाची मर्यादा आहे. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल समाजाने त्याच पूर्वजांच्या कथा मराठी कीर्तनातून स्वतःच्या म्हणून सांगितल्या, तेव्हा ही परंपरा ख्रिस्तापाशी संपत नाही, हेही मराठीतच सिद्ध झाले. त्यामुळे ‘पहिल्या पुराणा’चे वाचन या कीर्तनपरंपरेच्या सान्निध्यात होणे अगत्याचे ठरते.