लेण्यांतील हास्यचित्रें

आमच्या दख्खनचा खडक लाव्हारसाचा. चुनखडीप्रमाणें पाण्यानें विरघळून कोसच्या कोस भुयारें व्हावींत, असा त्याचा स्वभाव नाहीं. मेघालयांत क्रेम लियात प्राह ही तीस किलोमीटरांहून लांब गुहा आहे. आमच्याकडे गुहा म्हणजे बहुधा माणसानें छिन्नीनें कोरलेलें लेणें. तेव्हां गुहांत शिरण्याचा छंद ज्या कोल्हापूरकरास आहे, त्याला पोहाळ्याची किंवा पन्हाळ्याजवळील पांडवदऱ्याची वाट धरावी लागते. असा छंद असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या हास्यचित्रांची वही नुकतीच माझ्यापुढें ठेवली. ती अद्याप छापलेली नाहीं. परंतु पूज्य स्थळीं हंसावें काय, हा जुना प्रश्न तिनें पुन्हा उभा केला, म्हणून हें लिहीत आहें.

वही पाहून प्रथम मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्याच पानावर अस्मादिक आहेत. बदामीच्या लेण्यापुढें छत्री उगारून माझें व्याख्यान चाललें आहे. पाठीमागें जोत्यावरचा बुटका गण तेंच पोट, तोच हात आणि तोच आविर्भाव करून उभा आहे, आणि श्रोते सारे त्याच्याकडे पाहत आहेत. घरची मंडळी पोट धरधरून हंसली. मला हंसूं यावयास दोन दिवस लागले.

परंतु त्या दोन दिवसांत एक गोष्ट ध्यानीं आली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यांत मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. तो शक मीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला. जोत्यावर नाचणाऱ्या, वांकुल्या दाखविणाऱ्या गणांकडे मात्र डोळे भरून कधीं पाहिलें नाहीं. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यांतही शिवपार्वती सारीपाट खेळत आहेत, आणि खालीं गण नंदीची खोडी काढीत आहेत. हा थट्टेखोरपणा शिल्पकारानें देवाच्या पायाशीं निःशंकपणें कोरला. त्याच्या भक्तीला त्यानें बाध आला नाहीं. सोंवळेपणा आला तो मागाहून, आमच्यासारख्या व्याख्यात्यांबरोबर.

वहींतील सर्वोत्तम चित्र निःशब्द आहे. एक लठ्ठ गृहस्थ विहाराच्या बुटक्या दारांत अडकले आहेत; छताला एक वटवाघूळ त्यांच्याकडे पाहत लोंबत आहे. वही उलटी धरा: वटवाघूळ ऐटींत उभें, आणि गृहस्थच छताला लोंबत असलेले! इतर कित्येक चित्रांखालीं मात्र या चित्रकारानें कोट्या लिहिल्या आहेत. आपल्या रेषेवर त्याचा विश्वास नाहीं. कोल्हापुरांतच शिकलेल्या शि. द. फडणीसांचें तें प्रसिद्ध चित्र त्यानें आठवावें: बसच्या थांब्यावर उंदरांच्या नक्षीची साडी नेसलेली बाई, आणि शेजारीं मांजरांच्या नक्षीचा सदरा घातलेला गृहस्थ. त्यांत शब्द कोठें आहे?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लेण्यांत दिवा लावावयास आलेल्या एका म्हातारीची त्यानें दोन पानें टिंगल केली आहे. गुरूची थट्टा मला अखेर मानवली; म्हातारीची मानवली नाहीं. गुरूजवळ छत्री होती, व्यासपीठ होतें, त्याच्या पोटाला टांचणी लावण्यांत कांहीं अर्थ होता. म्हातारीनें कोणाची वाट अडविली होती? वेरूळचे गण खोडी काढतात, तीही महादेवाच्या नंदीची!

एक विषय त्याच्या हातून निसटला आहे. १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून अजिंठ्याच्या दरींत आला, आणि दहाव्या लेण्यांतील चित्रित खांबावर आपलें नांव व तारीख कोरून गेला. तेव्हां लेण्यांत माती व दगड यांचा ढीग सांचलेला होता, त्यावर तो उभा होता. पुढें ढीग उपसला गेला. साहेबाचें नांव मात्र माणसाच्या डोक्याहून पुष्कळ उंच, अधांतरीं राहिलें. हें चित्र काढ, असें मीं विद्यार्थ्यास कळविलें आहे. खालीं एक अक्षरही लिहावयाचें नाहीं, अशी अट घातली आहे.