लवणासुराचें झाकण

रिठदहून पश्चिमेस निघालें म्हणजे रिसोड ओलांडून लोणारला जातां येतें व दिवस मावळण्यापूर्वीं परतही येतां येतें. आमच्या भागांतील मुलांना लोणार प्रथम भेटतें तें सरोवर म्हणून नव्हे, तर गोष्ट म्हणून. लवणासुर नांवाचा दैत्य भूमीखालच्या गुहेंत राहून लोकांस छळीत असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन दैत्याच्या बहिणींना मोहविलें, त्यांच्याकडून त्याची लपण्याची जागा काढून घेतली, आणि पायाच्या अंगठ्यानें गुहेवरचें झाकण उडवून झोपलेल्या दैत्याचा वध केला. तें झाकण दूर ढाकेफळला पडलें व त्याची टेकडी झाली. सरोवराचें पाणी तें दैत्याचें रक्त, आणि त्यांतील क्षार तें त्याचें मांस. दैत्यसूदनाचें देऊळ लोणार गांवांत आजही उभें आहे.

ही कथा कथा म्हणून कशी आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. खरी कीं खोटी, एवढाच वाद चालतो. अलीकडे तिच्या कैवाऱ्यांचा एक नवा पंथ निघाला आहे. अशनि कोसळल्याचें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, विष्णु म्हणजे उल्का आणि अंगठा म्हणजे आघात, असें त्यांचें म्हणणें. माझे विद्यार्थी लोणारच्या सहलीहून हेंच वाक्य घेऊन परततात व निबंधांत अभिमानानें लिहितात. त्यांच्या अभिमानाचें मला वाईट वाटत नाहीं. कथा न वाचतांच तिचा अर्थ लावला जातो, याचें वाटतें.

कारण कथेंत आकाशांतून कांहींच पडत नाहीं. अग्नि नाहीं, गर्जना नाहीं, धूर नाहीं. देव माणसाच्या रूपांत येतो, त्याचें पहिलें शस्त्र मोह हें आहे, आणि जें उडतें तें जमिनीवरून उडतें. कथाकारापुढें होता एक वाटोळा खोल खड्डा व खारें पाणी. आणि त्याला पडलेला प्रश्न असा कीं, या खड्ड्यांतली माती गेली कोठें? ढाकेफळची टेकडी हें त्या प्रश्नाचें उत्तर आहे. उत्तर चुकलें, पण प्रश्न पहिल्या प्रतीचा होता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यानें ॲरिझोनांतील विवरापाशीं हाच हिशेब मांडला होता: कांठावरची माती आणि खड्ड्याची पोकळी यांचें माप जुळतें काय? माप जुळलें, म्हणून आंत अशनि दडलेला नाहीं असें समजून १८९६ सालीं त्यानें तें विवर वाफेच्या स्फोटाचें ठरविलें, व लोणारला त्याच्या पंक्तीस बसविलें. तोही चुकलाच. मोठा अशनि आघातासरशी बहुतांशीं वितळून व वाफ होऊन जातो, हें तेव्हां समजलें नव्हतें.

लोणारचा निकाल १९७३ सालीं लागला. विवराच्या खडकांत असे स्फटिक सांपडले कीं जे प्रचंड दाबानें, न वितळतां, कांचेसारखे झाले होते. ज्वालामुखी असें करूं शकत नाहीं. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर. वय पूर्वीं ५२,००० वर्षें मानीत. २०११ सालीं आर्गनच्या पद्धतीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें. तेव्हां आपल्या जातीचा मनुष्यच पृथ्वीवर नव्हता. मग आठवण कोणाची?

लोणारचा खडक काळा बेसॉल्ट. चंद्रावरचे काळे डागही त्याच खडकाचे. म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात, आणि त्यांच्यामागून आमच्याकडे दुसरें एक वाक्य आलें आहे: चंद्र ही पृथ्वीची ढाल आहे, तो अशनि आपल्या अंगावर घेतो. ऐकावयास गोड, पण हिशेबास टिकत नाहीं. चंद्राचें बिंब आकाशाचा सुमारें दोन लाखांवा भाग झांकतें. एवढ्याशा ढालीनें कोणता योद्धा वांचेल? त्याच्या अंगावर व्रण दिसतात ते तेथें वारा-पाऊस नसल्यामुळें पुसले जात नाहींत म्हणून. पृथ्वीनेंही घाव सोसले. तिनें ते बुजविले.

चंद्राचें खरें उपकार निराळेच आहेत. पृथ्वीचा अक्ष सुमारें साडेतेवीस अंश कललेला आहे, म्हणून ऋतु होतात. हा कल फारसा डळमळत नाहीं, याचें श्रेय लास्कर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं चंद्राला दिलें. मंगळाला असा सोबती नाहीं, व त्याचा कल फार मोठ्या पल्ल्यांत बदलत आला. २०१२ सालच्या गणितानें हें श्रेय कांहींसें कमी केलें, तरी नाहींसें केलें नाहीं. आणि हा उपकारकर्ता जन्मला कसा? मंगळाएवढा एक गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला, व उडालेल्या द्रव्याचा चंद्र झाला, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. झाकण उडून दूर पडावें व त्याची टेकडी व्हावी, तसेंच हें! पण सांभाळावें, आतां मीही त्या पंथाच्या वाटेस लागलों.

जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें झाल्याचें दाखविलें. रक्ताची गोष्ट ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला तें पाणी पाहून प्रथम जें आठवलें, तें मात्र जीवशास्त्र नव्हतें.

पुढच्या सहलीस मुलांना घेऊन मी विवराच्या कांठावर जाणार आहें. ढाकेफळला जाण्याचें कारण नाहीं. उडालेली माती बरीचशी तेथेंच, भोंवतालच्या शेतांत, पायांखालीं पसरलेली आहे.