बक्षीस दिल्यानंतर सुचलेले प्रश्न

विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येते. गेल्या वर्षी ती आम्हा तिघांवर आली. शंभराच्या आसपास प्रकल्प आणि हाताशी अर्धा दिवस, अशा धावपळीत आम्ही पहिले बक्षीस दिले ते 'दोन प्रोसेसरच्या संगणकासाठी जलशीतन योजना' या प्रकल्पाला. एका कार्यालयाने भंगारात काढलेला दोन प्रोसेसरचा संगणक मुलांनी मिळवला होता. त्याच्या पंख्यांचा आवाज वर्गात सहन होत नाही, म्हणून पंखे काढून पाण्याने तो थंड ठेवायचा, अशी ती योजना होती. आराखडा रेखीव होता. प्रत्येक प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा, मत्स्यालयाचा पंप, रबरी नळ्या आणि शेवटी ॲल्युमिनियमचा छोटा रेडिएटर. खर्चाचा अंदाजही दिलेला होता. आम्ही खूष झालो आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

घरी आल्यावर टिपणे चाळताना लक्षात आले की, आम्ही आराखडा पाहिला, पण फलकावरची विधाने तपासलीच नाहीत. ती तपासली असती तर बक्षीस कदाचित तेच राहिले असते. पण मुलांना बक्षिसापेक्षा मोलाचे काही देता आले असते. म्हणून ही उशिराची समीक्षा. ती मुलांच्या प्रकल्पाची आहे, तेवढीच आमच्या परीक्षणाचीही आहे.

'पाणी हे उष्णतेचे उत्तम वाहक आहे'

फलकावरचे हे पहिलेच वाक्य. गंमत अशी, की परीक्षानळीत तळाशी जाळीखाली बर्फ अडकवून वरचे पाणी उकळण्याचा प्रयोग आपण सगळेच वर्गात करतो. वर पाणी उकळत असते आणि खाली बर्फ तसाच असतो. त्यातून आपण शिकवतो ते नेमके उलटे, की पाणी उष्णतेचे मंद वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे साडेसहाशे पट असते.

मग पाणी वापरायचे कशासाठी? पाण्याची विशिष्ट उष्माधारकता मोठी आहे आणि त्याला वाहते करता येते, म्हणून. आकडे मांडून पाहू. दोन्ही प्रोसेसर मिळून २०० वॅट, म्हणजे दर सेकंदाला २०० ज्यूल उष्णता निर्माण करतात असे समजू. ती वाहून नेताना पाणी १० अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर दर सेकंदाला जेमतेम ४.८ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर पाणी पुरते. तेच काम हवेकडून करून घ्यायचे तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा लागते. पंख्यांच्या आवाजाचे मूळ या १७ लिटरमध्ये आहे. पाणी हा या योजनेतला हमाल आहे. कमी जागेतून मोठे ओझे उचलून दुसरीकडे नेणे, एवढेच त्याचे काम.

'थंड पाणी प्रोसेसरला थंड करते'

हे वाक्य चुकीचे म्हणता येणार नाही; पण ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माठ येतो आणि तिथे घोटाळा होतो. माठाच्या भिंतींतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकते. बंद नळ्यांमध्ये फिरणाऱ्या पाण्याला ही सोय नाही. संगणक चालू असेपर्यंत त्यातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असणार. ते गरम असते म्हणूनच रेडिएटरमधून उष्णता हवेत जाते.

याचा अर्थ असा, की शेवटी उष्णता खोलीच्या हवेतच सोडायची असते आणि रेडिएटरला पंखा लागतोच. फक्त तो मोठा आणि संथ घेता येतो, म्हणून आवाज कमी होतो. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या वर्गात हवेचे तापमान ४५ अंश असेल, तर पाणी ४५ च्या वरच राहील. यावर कोणी टाकीत बर्फ घालण्याचा उपाय सुचवेल. पाणी हवेच्या दवबिंदूखाली गेले, की बर्फाच्या पेल्याला बाहेरून सुटते तसे पाणी ठोकळ्यांना आणि नळ्यांना सुटेल आणि थेंब मदरबोर्डवर पडतील.

'पाणी सावकाश वाहू द्यावे'

कारण असे दिले होते, की सावकाश वाहणाऱ्या पाण्याला उष्णता शोषून घ्यायला वेळ मिळतो. हा समज फार पसरलेला आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्यातल्या एकानेही तिथे मान डोलावली होती.

मिनिटाला १ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ ग्रॅम पाणी वाहते असे धरू. २०० वॅटने ते सुमारे २.९ अंशांनी तापते. प्रवाह दहाव्या हिश्शावर आणला, तर तेच पाणी सुमारे २९ अंशांनी तापेल. दर सेकंदाला उचलायची उष्णता दोन्ही वेळी २०० ज्यूलच आहे. फरक पडतो तो ठोकळ्यातल्या पाण्याच्या तापमानात आणि पर्यायाने प्रोसेसरच्या तापमानात. पाण्याच्या एखाद्या थेंबाने जास्त उष्णता घेतली ही फुशारकी त्या थेंबाची. प्रोसेसरच्या दृष्टीने मात्र तो थेंब गरम झालेला असतो. शिवाय संथ प्रवाहात धातूलगतचा पाण्याचा थर नीट ढवळला जात नाही आणि धातूकडून पाण्याकडे जाणारी उष्णता आणखी अडते.

उलट, प्रवाह वाढवत नेला की सतत फायदाच होतो असेही नाही. प्रोसेसरची चकती, तिच्यावरचे झाकण, लेप, तांबे, पाणी, रेडिएटर आणि हवा अशी उष्णतेची वाट आहे. ती एकसर जोडलेल्या रोधांसारखी असते. प्रवाह वाढवला तर यातला पाण्याचा रोध कमी होईल. चकती आणि लेप यांचा जागच्या जागी राहील. लेप जाड बसला असेल तर मोठा पंप आणूनही उपयोग होणार नाही.

'दुसऱ्या प्रोसेसरला गरम पाणी मिळू नये म्हणून दोन वाटा'

दोन प्रोसेसर असल्यामुळे हा प्रश्न इथे खरोखरच येतो आणि मुलांनी तो विचारात घेतला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण भीती किती मोठी आहे ते मोजायला हवे होते. मिनिटाला १ लिटर प्रवाहात पहिला प्रोसेसर आपले १०० वॅट देतो, तेव्हा पाणी सुमारे १.४ अंशांनी तापते. म्हणजे एकसर जोडणीत दुसऱ्या प्रोसेसरला फक्त १.४ अंश अधिक गरम पाणी मिळते. खिडकी उघडली-मिटली तरी खोलीच्या तापमानात एवढा फरक पडतो!

समांतर जोडणीचा खरा फायदा वेगळा आहे. दोन वाटा झाल्या, की पंपाला होणारा एकूण विरोध कमी होतो. तोटाही आहे. एका ठोकळ्यात कचरा अडकला तर पाणी मुकाट्याने दुसऱ्या वाटेने जाते. एकूण प्रवाह ठीक दिसतो आणि एक प्रोसेसर मात्र तापत राहतो. एकसर जोडणीत अडथळा आला तर सगळेच पाणी मंदावते आणि बिघाड लपत नाही. विजेच्या मंडलांचे धडे शिकवताना एकसर आणि समांतर जोडणीचे इतके बोलके उदाहरण क्वचित मिळते. ते समोर असताना आम्ही ते सोडून दिले.

'ऊर्ध्वपातित पाणी वीज वाहत नाही, म्हणून गळती धोक्याची नाही'

सगळ्या फलकावरचे हे एक विधान आम्ही तिथल्या तिथे खोडायला हवे होते. बाटलीतले ऊर्ध्वपातित पाणी विजेचे अत्यंत दुर्वाहक असते हे खरे. पण नळ्या आणि धातू यांच्या सहवासात ते फार काळ तसे राहत नाही. त्यात आयन उतरतात. बाहेर पडलेला थेंब मदरबोर्डवरची धूळ आणि क्षार विरघळवून घेतो तो भाग निराळाच.

त्यातही इथे ठोकळे तांब्याचे आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. तांब्याचे प्रमाण विद्युतअग्र विभव +०.३४ व्होल्ट आणि ॲल्युमिनियमचे −१.६६ व्होल्ट, फरक २ व्होल्टचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, तो बराच बचाव करतो. पण पाण्यात तांब्याचे आयन किंवा क्लोराइड असेल तर तो ठिकठिकाणी फुटतो आणि तिथे खड्डे पडू लागतात. म्हणजे ज्या पाण्याची गळती बिनधोक म्हणून सांगितली, तेच पाणी गळतीचे भोक पाडायला मदत करणार. सगळे भाग एकाच धातूचे घेणे किंवा गंजरोधक मिसळलेले द्रव वापरणे हे यावरचे रूढ उपाय आहेत.

तिचा प्रश्न

आता आमची सर्वांत मोठी चूक. माहिती सांगता सांगता गटातली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, पंप मध्येच बंद पडला तर काय होईल, ते आम्हाला नीट कळलं नाही." आम्ही उत्तर दिले, "चांगल्या प्रतीचा पंप घ्यायचा, म्हणजे प्रश्न येत नाही." ती गप्प बसली.

तिच्या प्रश्नाला उत्तर होते आणि ते नववीच्या गणितात बसणारे होते. रेडिएटरचा पंखा बंद पडला आणि पंप चालू राहिला, तर १ लिटर पाणी २०० वॅटने साधारण २१ सेकंदांना एक अंश या गतीने तापेल. ३० अंश चढायला दहा मिनिटे लागतील. पण पंपच थांबला, तर उष्णता घ्यायला उरतो तो फक्त ठोकळा आणि त्यातले पाणी. ३०० ग्रॅम तांबे आणि ३० ग्रॅम पाणी धरले तर दोघांची मिळून उष्माधारकता अंशाला सुमारे २४० ज्यूल होते. १०० वॅटने ४० अंश चढायला दीड मिनिटदेखील पुरेसे आहे. आजचे प्रोसेसर ठराविक तापमानाला आपला वेग कमी करतात किंवा बंद पडतात, म्हणून ते सहसा जळत नाहीत. पण योजना आखणाऱ्याने पंप फिरतो आहे की नाही हे कळवणारी तार आणि पाण्यात एक तापमापक ठेवलाच पाहिजे. या योजनेतली खरी उणीव तिला दिसली होती, आम्हाला दिसली नव्हती.

हा मोह फक्त मुलांना होतो असे नाही

दोन प्रोसेसरचा मेजावरचा संगणक पाण्याने थंड करण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ॲपल कंपनीचे आहे. जून २००३ मध्ये तिने 'पॉवर मॅक जी-५' जाहीर केला. वरच्या नमुन्यात २ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर, आत हवेचे चार स्वतंत्र विभाग आणि नऊ पंखे. वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठू, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा सांगितले होते. जून २००४ मध्ये आला तो २.५ गिगाहर्ट्झचा नमुना आणि त्यात द्रवशीतन होते. दरम्यान प्रोसेसरची चकती सुमारे ११८ चौरस मिलिमीटरवरून सुमारे ६६ चौरस मिलिमीटरवर आली होती. एवढ्याशा जागेतून १०० वॅट बाहेर पडतात असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० वॅट होतात. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर तिथे हाच आकडा फक्त ५ येतो. पाण्याकडे वळण्याचे कारण त्यात आहे आणि अभियांत्रिकी म्हणून ते समर्थनीय होते.

पण पुढच्या काही वर्षांत यांतल्या अनेक संगणकांमधून द्रव गळल्याच्या तक्रारी आल्या. गळणारे द्रव महागडे भाग खराब करत होते. ३ गिगाहर्ट्झ तर गाठलेच गेले नाहीत. जून २००५ मध्ये कंपनीने इंटेलचे प्रोसेसर घेण्याचे जाहीर केले आणि ऑगस्ट २००६ मध्ये आलेला दोन प्रोसेसरचा 'मॅक प्रो' पुन्हा हवेने थंड होणारा होता. वाढलेली उष्णता वाहून नेण्याच्या खटपटीपेक्षा ती कमी निर्माण करणारा प्रोसेसर निवडणे अधिक टिकाऊ ठरले.

म्हणून पाणी वाईट, असा निष्कर्ष काढू नये. आयबीएमचा १९८० चा ३०८१ हा मोठा संगणक पाण्यानेच थंड होत असे. १९९० च्या दशकात कमी उष्णता देणाऱ्या चकत्या आल्या, तेव्हा अशा संगणकांत हवा परतली. २००८ मध्ये त्याच कंपनीच्या 'पॉवर ५७५' मध्ये पुन्हा पाणी आले. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकातही थेट द्रवशीतन आहे. जिथे प्रोसेसर शेकड्यांनी असतात आणि देखभालीला माणसे असतात, तिथे ही व्यवस्था शोभते. वर्गातल्या एका संगणकासाठी मोठा धातूचा पंखापात आणि संथ फिरणारा मोठा पंखा यांची तुलना आधी करायला हवी होती. ती ना मुलांनी केली, ना आम्ही मागितली.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग सुचवतो. बादलीत गरम पाणी, दुसऱ्या बादलीत गार पाणी आणि त्यात बुडवलेले तांब्याच्या नळीचे वेटोळे घ्या. मत्स्यालयाच्या पंपाने गरम पाणी वेटोळ्यातून फिरवून परत पहिल्या बादलीत सोडा. नळी चिमटीत दाबून प्रवाह कमी-जास्त करा. मिनिटाला किती पाणी येते ते मोजपात्राने आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान तापमापकाने मोजा. 'सावकाश वाहिले की जास्त उष्णता' हे खरे की खोटे, ते मुले गुणाकार करून स्वतःच सांगतील. मग पंप बंद करा आणि काय होते त्याचीही नोंद घ्यायला सांगा.

हा अंक आम्ही त्या शाळेला पाठवत आहोत. त्या मुलीला न दिलेले उत्तर यात आहे.