वहीत चढलेलं नाव

‘बुक’ म्हणजे पुस्तक, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. मला मोह पडतो तो याच शब्दाच्या क्रियापदाचा. गाडीतली जागा, हॉटेलातली खोली, नाटकाची पुढच्या रांगेतली खुर्ची त्यानं आपली होते. आणि इंग्रजीत पोलीस आरोपीला किंवा पंच खेळाडूला ‘बुक’ करतो, तेव्हा तोच शब्द अंगावर येतो. हक्क आणि ठपका असे शेजारी नांदतात, कारण दोन्हींच्या मुळाशी कृती एकच: कुणीतरी वही उघडून नाव लिहितं.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद सनदेनं जमीन देण्यासाठी वापरत. लिहिलं की पक्कं झालं, हा भरवसा तेव्हापासूनचा. पुढे इंग्लंडात घोडागाडीच्या कचेरीतला कारकून प्रवाशाचं नाव वहीत चढवू लागला आणि रेल्वेनं ती रीत कचेरीच्या नावासकट उचलली. १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तरानं अनुक्रमांक छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट आणलं. हा मूळचा लाकडी सामान घडवणारा कारागीर. त्याच्या तिकिटानं नाव लिहिण्याची गरजच संपली. तरी ‘बुकिंग ऑफिस’ची पाटी टिकली, आपल्या स्टेशनांवरही पोचली. वही गेली, पण शब्दानं तिची आठवण किती निष्ठेनं जपली!

फुटबॉलमध्ये तर वही अजून पंचाच्या खिशातच असते. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात आपलं नाव लिहिलं गेलंय की नाही, हे खेळाडूंनाही नीटसं कळलं नव्हतं. त्यावरून इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना वाहतुकीच्या सिग्नलसारख्या रंगीत कार्डांची कल्पना सुचली. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती आली. कार्डानं जगाला कळतं, पण पंच नाव टिपतोच.

मराठीनं ‘बुकिंग’ घेताना त्याची सुखद बाजूच घेतली: हॉलचं, गॅसचं, नाटकाचं. दुसऱ्या बाजूसाठी आपली ‘नोंद’ होतीच. ती लग्नाचीही होते, गुन्ह्याचीही. ‘आरक्षण’ या प्रतिशब्दात मात्र जागा राखणं आहे. लिहिणारा हात नाही, नावही नाही. म्हणून तिकिटाच्या खिडकीपाशी मला ‘बुकिंग’ हाच शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो.