‘रूट कॉज’ : दातावरचा आरोप आणि अपुरा पुरावा

“रूट कॅनाल केलेल्या दातामुळे कर्करोग होतो असं एका माहितीपटात पाहिलं. माझी दाढ काढून टाकू का?” एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला. दाढ दुखत नव्हती, चावताना त्रास नव्हता. त्रास होता तो माहितीपटाने घातलेल्या भीतीचा. म्हणून मी तो माहितीपट मुद्दाम पाहिला.

‘रूट कॉज’ हा फ्रेझर बेली या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा माहितीपट २०१८ साली तयार झाला. अनेक वर्षांचा थकवा आणि घबराट यांचे मूळ शोधत दिग्दर्शक स्वतःच्या रूट कॅनाल केलेल्या दातापाशी येऊन थांबतो. २०१९ च्या सुरुवातीला तो नेटफ्लिक्सवर दाखल झाला आणि अमेरिकेतील दंतवैद्यकीय संघटनांनी आक्षेप घेतल्यावर लवकरच हटवला गेला. पण हटवल्याने शंका मिटत नाही. उलट, ‘काहीतरी लपवताहेत’ असे वाटू लागते. त्यामुळे त्यातील युक्तिवाद तपासणे हेच खरे उत्तर.

आधी ही उपचारपद्धती समजून घेऊ. दाताच्या कठीण आवरणाच्या आत मऊ ऊतक असते. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. यालाच दंतमज्जा म्हणतात. कीड खोलवर गेली की जिवाणू तेथे पोचतात, मज्जा सुजते आणि मरते. मग संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकतो. रूट कॅनालमध्ये मृत मज्जा काढतात, मुळातील नलिका बारीक कानशींनी घासून व जंतुनाशक द्रावणाने धुऊन स्वच्छ करतात आणि गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने भरून बंद करतात. शेवटी वरचा भाग सिमेंटने भरून, विशेषतः दाढ असेल तर, त्यावर कॅप बसवतात.

माहितीपटातील सर्वांत परिणामकारक विधान असे : स्तनाच्या कर्करोगाच्या जवळजवळ सर्व रुग्ण स्त्रियांमध्ये रूट कॅनाल केलेला दात त्याच बाजूला आढळतो. विधान ऐकून छातीत धस्स होते. पण विज्ञानशिक्षकाने लगेच विचारायला हवे : कर्करोग नसलेल्या, त्याच वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण किती? तो आकडा माहितीपट देत नाही. वय वाढते तसे उपचार केलेले दातही वाढतात आणि कर्करोगाचा धोकाही. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत सापडणे यात नवल नाही. ज्यांचे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे दात उपचार केलेले आहेत, त्यांच्या बाबतीत तर ‘त्याच बाजूला’ हे नेहमीच खरे ठरणार! आणि हे मोजले कोणी, कोणत्या रुग्णालयात, किती स्त्रियांमध्ये, हे न सांगता दिलेली टक्केवारी हा पुरावा नव्हे.

हा आरोप जुनाच आहे. अमेरिकेतील दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी १९२३ साली दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. रुग्णाचा रूट कॅनाल केलेला दात काढून सशाच्या कातडीखाली ठेवला की सशालाही तोच आजार होतो, असा त्यांचा दावा होता. पण दात उपटताना हिरडीवरचे जिवाणू त्याला लागतातच, आणि सशाच्या लहान शरीराला ती मात्रा फार मोठी होते. इतरांनी अधिक काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा दावा टिकला नाही. तोवर मात्र असंख्य चांगले दात उपटले गेले होते. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, पुढे आतड्याचे भागही कापले. त्यात अनेक जण दगावले. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन या डॉक्टरांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. दात काढून फायदा झाल्याचे त्यांना दिसले नाही.

याउलट, चांगला प्रयोग कसा असतो ते पाहा. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून मज्जा उघडी केली. एक गट नेहमीच्या उंदरांचा, दुसरा पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्यांचा. पहिल्या गटात मज्जा सडली, गळवे झाली. दुसऱ्या गटात त्याच भोकात अन्नाचे कण अडकूनही मज्जा जिवंत राहिली आणि जखमेवर नव्या दंतिनाचा थर धरला. फरक फक्त जिवाणूंचा होता. वर्गात ‘तुलनागट’ शिकवायला याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

माहितीपटात काहीच तथ्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नलिका शंभर टक्के निर्जंतुक होत नाहीत आणि काही रूट कॅनाल फसतात, हे दंतवैद्यही मान्य करतात. १९९५ साली रे आणि ट्रोप यांनी १,०१० उपचारित दातांच्या क्ष-किरण प्रतिमा तपासल्या. मुळाचे आरोग्य नलिकेतील भरावापेक्षाही वरच्या भरावाच्या दर्जावर अधिक अवलंबून असल्याचे त्यांना दिसले. पुढील अभ्यासांत दोन्ही महत्त्वाचे ठरले. म्हणजे ‘दुखायचे थांबले, आता कॅप कशाला?’ म्हणणाऱ्या रुग्णाला खरी सावधगिरीची सूचना इथे द्यायला हवी होती. दात वाचवण्याची ही माहिती सोडून माहितीपट दात उपटण्याकडे वळतो, ही त्याची सर्वांत मोठी चूक.

त्या बाईंना मी सांगितले, शंका असेल तर दंतवैद्याकडून क्ष-किरण प्रतिमा काढून घ्या. भीतीपोटी दाढ काढू नका. आणि नववीच्या वर्गात तो टक्केवारीचा दावा फळ्यावर लिहा. खाली एकच प्रश्न : ‘कशाच्या तुलनेत?’ मुले तो विचारायला शिकली, तर असे आणखी दहा माहितीपट आले तरी चिंता नाही.